पाय आत न घेता येणारं कासव



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८.

हा श्लोक तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असेल, निदान त्यातलं कासव तरी आठवत असेल. स्थितप्रज्ञ ओळखायचा कसा, असं अर्जुनाने विचारलंय आणि भगवंत एकेक खूण सांगतायत. कासव जसं चारी बाजूंनी आपले अवयव आत ओढून घेतं, तसा जो आपली इंद्रियं विषयांपासून मागे घेऊ शकतो, त्याची बुद्धी स्थिर झाली असं समजावं. आपल्याकडच्या बहुतेक देवळांत गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं दगडी कासव असतं. आजीचा हात धरून देवळात गेलेल्या प्रत्येकाला ‘आधी कासवाला हात लाव, मग आत’ हे ऐकावं लागलंय. अर्थ तोच. डोळे, कान, जीभ, सगळं आवरून मग देवापुढे जा.

इथवर सोपं आहे. माझी गाडी अडली ती एका साध्या माहितीवर. समुद्री कासवाला डोकं आणि पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. जमिनीवरचं आणि गोड्या पाण्यातलं कासव ते करतं, पण समुद्रातल्या कासवाचे पाय वल्ह्यासारखे लांब झालेत आणि कवच चपटं झालंय. पोहायला उत्तम, लपायला निरुपयोगी. म्हणजे गीतेतलं कासव ते नव्हे. ठीक आहे, दृष्टान्त आहे, प्राणिशास्त्र नव्हे. पण ज्याला स्वतःला आवरून घेता येत नाही असा जीव समोर आला, तर आवरून कोणी घ्यायचं? हा प्रश्न मला गेल्या मार्चमध्ये, कोकणात, तीन दिवसांत तीनदा पडला.

आम्ही सहा जण नाशिकहून निघालो होतो. माझा मावसभाऊ, त्याचे दोन मित्र, रविवारच्या वाचनाला येणाऱ्या दोघी आणि मी. बेत मावसभावाचा होता. कसारा घाट उतरून मुरूडजवळ फणसाडचं अभयारण्य, मग दिघीची फेरीबोट, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेळास आणि शेवटी हर्णै-मुरूडला डॉल्फिन. (कोकणात दोन मुरूड आहेत, एक जंजिऱ्याचं, एक दापोलीचं. गाडी चालवणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.) जंगल, समुद्र, थोडं देवदर्शन, थोडं साहस. ‘तीन दिवसांत सगळं कव्हर’, असं तो म्हणाला होता.

फणसाडला पहाटे वाटाड्याबरोबर दोन-अडीच तास चाललो. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. आम्हाला शेकरूचं घरटं दिसलं, शेकरू नाही. बिबट्याचं तर नावच नको. परत येताना एक जण म्हणाला, “पैसे वाया.” मग नाश्त्याला उशीर झाला म्हणून चिडचिड, मग गाडीत कोण पुढे बसणार यावरून वाद. याच अध्यायातला ६२ वा श्लोक काढून बघा. विषयाचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध. मी ही साखळी अनेकदा वाचली होती, पण सकाळी दहाच्या आत पोह्यांच्या प्लेटवर ती अख्खी उलगडलेली पहिल्यांदाच बघितली.

‘पैसा वसूल’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. वसुली कर्जाची करतात. म्हणजे शेकरूने आमचं काही देणं लागत होतं?

आपण तर पंचवटीच्या गावचे. सोन्याच्या हरणाची गोष्ट आपल्या गल्लीतली. त्या गोष्टीत हरीण दिसतं, सुंदर दिसतं, इथपर्यंत काहीच बिघडलेलं नाही. मग ते आश्रमात हवंसं वाटतं, जिवंत नाही सापडलं तर निदान त्याचं कातडं तरी. सीतामाईला दोष द्यायला मी बसलेली नाही. पाहणं आणि हवं असणं यांच्यामधलं अंतर किती कमी आहे, हे वाल्मीकींनी त्या प्रसंगात दाखवलंय असं मला वाटतं. आपल्या हातात धनुष्यबाण नाही, मोबाइल आहे, एवढाच काय तो फरक.

वेळासबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते गाव त्या लायकीचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या किल्ल्यापासून जवळ. नाना फडणवीसांचं गाव म्हणून जुन्या लोकांना माहीत, आता कासवांचं गाव म्हणून. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री वाळूत येतात, मागच्या पायांनी खड्डा खणतात, शंभरएक अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसं उकरून नेत, उरली तर कोल्ही-कुत्री. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे संरक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरायला लागले, वन विभागही कामात आला. अंडी काढून किनाऱ्यावरच्याच कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात, वर टोपली ठेवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. आईबाप काहीच ठरवत नाहीत.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी रात्री जेवताना सांगून टाकलं, “उद्या पिल्लं निघतील की नाही ते काही आपल्या हातात नाही हो. निघाली तर निघाली. सोलकढी घ्या अजून.”

सकाळी किनाऱ्यावर दोरी बांधलेली, दोरीमागे आम्ही शंभरभर माणसं. कासवमित्राने एकेक टोपली उचलली. पहिली रिकामी. दुसरी रिकामी. चौथ्या टोपलीखाली पिल्लं होती, चार. तळहातात मावतील एवढी, राखाडी. त्यांना समुद्रापासून थोडं लांब, ओल्या वाळूवर सोडलं आणि ती चालायला लागली. एक लाटेत उलटं झालं, परत सरळ झालं. मागून कोणीतरी ओरडलं, “अहो, उचलून टाका ना पाण्यात, बिचारी दमतील!” कासवमित्र शांतपणे म्हणाला की नाही, त्यांनी स्वतः चालत जायला हवं. हजारातलं एखादंच मोठं होतं असा अंदाज आहे, हेही त्याने सांगितलं. तेव्हा दोरीमागची कुजबुज थोडी कमी झाली.

आता इथे एक मजा आहे. आपल्या संतांच्या वाणीत कासवी पुन्हा पुन्हा येते. ती पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. भगवंताची कृपादृष्टी सांगायला हा लाडका दृष्टान्त. आणि वेळासच्या वाळूवर उभं राहिल्यावर कळतं की खरी कासवी पिल्लांकडे बघतसुद्धा नाही. अंडी घालून ती गेलेली असते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती शेकडो किलोमीटर दूर असू शकते. ओडिशात २०२१ मध्ये खूण केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली होती, म्हणजे हे जीव कुठून कुठे जातात बघा.

आमच्यातली एक लगेच म्हणाली, “म्हणजे ही खरी निष्काम कर्मयोगी! अंडी घातली, फळाची आशा सोडली.” मला हे पटत नाही. कासवीला निवड नाही. जिला धरून ठेवताच येत नाही, तिने सोडलं असं कसं म्हणायचं? निष्काम होणं हे ज्याला हाव सुटू शकते त्याचंच काम, म्हणजे आपलं.

पण मग संतांचा दृष्टान्त चुकला का? मला तसंही वाटत नाही. ती नजर तिथे होती, फक्त आईची नव्हती. अंड्यांच्या हंगामात भल्या पहाटे अंधारात किनारा चालत जाणारा कासवमित्र वाळूत मादीच्या पायांचे पट्टे शोधतो, घरटं ओळखतो, अंडी मोजतो, तारीख लिहून ठेवतो आणि पुढचे दोन महिने रोज त्या जागेकडे बघतो. त्याच्या बघण्याने पिल्लू जगतं. माझ्या बघण्याने माझ्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ वाढतो. दोघांचे डोळे सारखेच आहेत.

इथे थांबून ‘मग जाऊच नका, घरी बसून जप करा’ असं सांगणं सोपं होतं. वेळासमध्ये ते खोटं ठरेल. तिथे पाहुणे आले, काकूंच्या घरी चार पैसे आले, म्हणून खड्ड्यातल्या अंड्यांना गावात किंमत आली. कोणीच बघायला आलं नाही, तर राखणार कोण? आणि गीतेतलं कासव तरी कायमचं कवचात कुठे बसतं? ते पाय बाहेर काढतं म्हणून तर चालतं. ५८ व्या श्लोकानंतर सहाच श्लोकांनी, ६४ व्यात, भगवंत विषयांमध्ये वावरणाऱ्याबद्दलच बोलतात. वावरायचं, पण राग-द्वेषाच्या ओढीने नाही. मला वाटतं ५८ आणि ६४ एकत्र वाचले नाहीत तर ५८ चा अर्थ निम्माच लागतो.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी होती. कोकण किनाऱ्याजवळ दिसणारे डॉल्फिन बहुतेक कुबडवाले, उथळ पाण्यात राहणारे. मासा नव्हे, सस्तन प्राणी. श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं. म्हणजे पुन्हा तेच. आवरून घ्यायची सोय त्यांना नाही, पाण्याखाली लपून राहता येत नाही. पाठ दिसली की चहूबाजूंनी होड्या इंजिन वाढवून तिकडे धावतात. तो बुडतो, पुढे कुठेतरी श्वासासाठी वर येतो, होड्या पुन्हा तिकडे. किनाऱ्यावर चहा घेता घेता आम्ही हे अर्धा तास बघत होतो. कायद्याने डॉल्फिनही संरक्षित आहे आणि कासवही. पण त्या पाण्यात कायदा पोचत नाही, गिऱ्हाईक पोचतं.

आमच्यात दोन तट पडले. मावसभावाचं म्हणणं, “इतके लोक जातायत, आपण सहा जण न गेल्याने काय होणार?” वाचनाला येणाऱ्या दोघींपैकी एक म्हणाली, मी बसणारच नाही. मी होडीवाल्या दादांशी बोलायला गेले. इंजिन बंद ठेवून लांब थांबलं तर चालेल का, म्हणून विचारलं. ते हसले. “ताई, मलाही कळतं हो. पण डॉल्फिन दिसला नाही तर लोक पैसे द्यायला कुरकुरतात. डिझेल माझं जातं.”

आणि हे ऐकल्यावर त्यांच्यावर रागवायला जागाच उरली नाही. पाठलाग होडीवाला करत नाही, आमची वसुली करते. तो फक्त आमच्या इच्छेचा ड्रायव्हर. हाव आत ओढून घ्यायची तर ती आमची, आणि ती होडीत बसायच्या आधी, हिशेबातच ओढून घ्यायला हवी. समोर डॉल्फिन आल्यावर कोणाचं मन ऐकतं?

तेव्हा आम्ही जेट्टीवरच पूर्ण पैसे हातात दिले. दिसो वा न दिसो. अट एवढीच की पाठलाग नाही, बाकी होड्यांपासून लांब जायचं आणि इंजिन बंद करून थांबायचं. मावसभाऊ म्हणाला, “हे तर आंधळेपणाने पैसे फेकणं झालं.” तरी बसला. न बसणारी म्हणाली होती ती मात्र आली नाही, किनाऱ्यावरच थांबली. तिचा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही.

इंजिन बंद झाल्यावर पहिली दहा मिनिटं फार विचित्र जातात, हे सांगून ठेवते. काय करायचं कळत नाही. होडी हलते, ऊन लागतं, कोणीतरी वेफर्सचं पाकीट फोडतं. सुवर्णदुर्गाच्या तटावर घारी फिरत होत्या. दादांनी त्यांच्या वडिलांच्या वेळच्या मासेमारीच्या गोष्टी सांगितल्या, पूर्वी जाळ्यात काय काय यायचं ते. मग एकदा, बऱ्यापैकी लांब, काहीतरी करडं पाण्यावर आलं, फुस्स झालं आणि गेलं. फोटो कोणाकडेच नाही. दादा म्हणाले, डॉल्फिनच. मावसभाऊ आजही म्हणतो, ती लाट होती.