न बोलणाऱ्याच्या वतीने

स्नानसंस्काराच्या वेळी ख्रिस्तमंदिराच्या दारातच आम्ही आईवडिलांना विचारतो की, या बाळासाठी तुम्ही ख्रिस्तसभेकडे काय मागता? बाळ स्वतः काहीच मागत नाही. बहुधा ते झोपलेले असते, नाहीतर रडत असते. त्याच्या वतीने आईवडील उत्तर देतात आणि ते उत्तर त्याला जन्मभर पुरते. दुसऱ्याच्या वतीने एवढा मोठा निर्णय घेण्याचा अधिकार माणसाला कोठून येतो, हा प्रश्न आमच्या मनात अनेकदा येऊन गेला आहे. गेल्या पावसाळ्यात एका तरुण दांपत्याने तो निराळ्याच रूपात आमच्यापुढे आणून ठेवला.

त्यांचे बाळ नऊ महिन्यांचे झाले होते. जन्मतःच द्यावयाच्या बीसीजी, पोलिओ व काविळीच्या लसी आणि पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यातील लसी त्यांनी बिनदिक्कत टोचून घेतल्या होत्या. आता गोवर-रुबेलाच्या लसीची पाळी होती. परंतु ही लस गर्भपात झालेल्या अर्भकाच्या पेशींपासून बनते, असे कोणीतरी बाळाच्या वडिलांच्या कानावर घातले होते. "फादर, गर्भपात हे पाप, असे तुम्हीच शिकवता. मग ही लस आम्ही घ्यावी कशी?" असे त्यांनी विचारले. बाळाची आई गप्प होती. तिच्या हातातील लसीकरणाचे कार्ड घडी घालून घालून मऊ पडले होते.

प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून उत्तरही प्रामाणिक हवे. ऐकलेल्या गोष्टीत तथ्य आहे. रुबेलाचा विषाणू ज्या मानवी पेशींवर वाढवतात, त्या पेशी १९६०च्या दशकात गर्भपात झालेल्या अर्भकांपासून मिळवलेल्या आहेत. प्रयोगशाळेत त्यांचीच वाढ करीत आणलेली आहे. लसीसाठी नवा गर्भपात केला जात नाही. नीतिशास्त्र शिकताना आम्हाला एक भेद शिकवण्यात आला होता. दुष्कृत्याला मनापासून साथ देणे वेगळे आणि फार पूर्वी, दुसऱ्याच कोणाच्या हातून घडलेल्या दुष्कृत्याशी नकळत, दुरून संबंध येणे वेगळे. याच भेदाच्या आधारे जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीने २००५ साली निर्वाळा दिला की, दुसरी लस उपलब्ध नसेल तर बालकांच्या व गर्भवती मातांच्या रक्षणासाठी ही लस वापरणे गैर नाही. मात्र निर्दोष मार्गाने बनवलेल्या लसीची मागणी श्रद्धावंतांनी करीत राहावे. २०१७ साली त्याच अकादमीने असा वापर निःशंक मनाने करता येतो, असे अधिक स्पष्टपणे सांगितले.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्याने १९४१ साली दाखवून दिले की, गरोदरपणाच्या आरंभी मातेला रुबेला झाल्यास पोटातील बाळाच्या डोळ्यांना इजा पोहोचते. कान व हृदयही त्यातून सुटत नाहीत, हे आज आपण जाणतो. मोठ्यांना हा आजार चार दिवसांच्या पुरळासारखा वाटतो. त्याचा खरा घाव बसतो तो गर्भातील जीवावर. म्हणजे आपल्या लेकराला दिलेली लस शेजारच्या घरातील, अद्याप न जन्मलेल्या बाळाचेही रक्षण करते. गर्भातील जीवाची चाड म्हणून जो बाप लस नाकारू पाहतो, त्याने हीही गोष्ट तराजूत घालावयास हवी.

आमचे बोलणे संपले. वडिलांचे समाधान झाले, असे दिसले. आणि मग इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, "फादर, पण टोचल्यावर काही झाले तर? मीच त्याला मांडीवर धरून बसलेली असणार."

वाचकहो, खरा प्रश्न हा होता. पेशींचा प्रश्न शास्त्राने व धर्मशिकवणीने सुटला होता. हा भयाचा होता. लस दिल्यावर काही झाले तर ते आपल्या हातून झाले आणि न दिल्यामुळे काही झाले तर ते दैवाने झाले, असे आपले मन हळूच सांगत असते. तथापि मिस्साच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो, तेव्हा केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही देतो. न करणे हाही एक निर्णयच असतो. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात नऊ महिन्यांपर्यंत ओसरत आलेली असते, आणि गोवर दाराशी यावयास फार वेळ लागत नाही. २०२२ साली मुंबईच्या गोवंडी भागात त्याने बालकांचे बळी घेतले, हे आपण विसरू नये.

त्या मातेला उत्तर देताना आम्हाला आमची आई आठवली. आमच्या धाकट्या भावाला १९७६ साली पोलिओ झाला. शासनाचा व्यापक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तो १९७८ साली. आमच्या गावात तोवर ही लस पोहोचलीच नव्हती. ताप आला तेव्हा आई दोन दिवस घरगुती काढा देत थांबली, तिसऱ्या दिवशी भावाचा उजवा पाय उचलेना. त्या दोन दिवसांचे ओझे तिने आयुष्यभर वाहिले. आम्हाला गुरुदीक्षा मिळाल्यावर एके संध्याकाळी तिने विचारले, "ते माझे पाप होते का रे?" आम्ही नव्या अभ्यासाच्या तोऱ्यात म्हणालो, "देवाची इच्छा होती, आई." तिने मान हलवली. त्यानंतर तो विषय तिने आमच्यापाशी पुन्हा कधी काढला नाही.

आमचे उत्तर धार्मिक दिसत होते, पण ते खरे नव्हते. लेकराचा पाय लुळा व्हावा अशी देवाची इच्छा असते, असे शुभवर्तमान कोठेही शिकवत नाही. तिला सांगावयास हवे होते ते एवढेच की, गेलेली शक्ती परत आणील असे औषध त्या रोगावर पहिल्या दिवशीही नव्हते. तू दोन दिवस आधी गेली असतीस तरी पाय वाचता ना. आणि जवळ होते ते सारे तू दिलेस. पाप जाणूनबुजून घडते. अज्ञानात, प्रेमापोटी झालेला उशीर हे दुःख आहे, पाप नव्हे. हे शब्द आम्हाला सुचले तेव्हा ऐकावयास ती राहिली नव्हती.

म्हणून त्या तरुण आईला आम्ही देवाची इच्छा सांगितली नाही. लसीनंतर थोडा ताप येऊ शकतो, आठवडाभराने काही बाळांच्या अंगावर पुरळ उठते. गंभीर त्रास क्वचितच होतो आणि त्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास केंद्रात थांबवतात, हे सांगितले. मनात आहे ते सारे तेथील परिचारिकेला विचार, असेही सांगितले. आणि म्हटले, "बाई, पूर्ण खात्री झाल्यावरच निर्णय घ्यावयाचा म्हटले, तर आईबापांना एकही निर्णय घेता येणार नाही. नीट विचारून, जाणून, प्रेमाने घेतलेल्या निर्णयाचा हिशेब देव फलावरून करीत नाही." मग बाळाच्या वडिलांकडे वळून आम्ही म्हणालो, "त्या दिवशी मांडी तुमची असू द्या."

दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कोठून येतो? आमच्या मते तो मालकीतून येत नाही. मूल आपले असले तरी आपल्या मालकीचे नसते. तो येतो त्याचे परिणाम सोबतीने वाहण्याच्या तयारीतून. आमच्या भावाला आई पुढे सात वर्षे कडेवर घेऊन शाळेत पोहोचवत होती. तिने आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती स्वतःच रोज देत होती. ते आम्हाला फार उशिरा कळले.

पुढच्या रविवारी ते दांपत्य मिस्साला आले. बाळाच्या दंडावर बारीकसा ठिपका होता आणि ते वडिलांच्या खांद्यावर झोपले होते.