फॉरवर्डची झडती

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायत कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. त्याच रात्री मालेगावात, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यात, लहान मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबावर असाच जमाव चालून गेला. पोलिसांनी त्यांना वाचवले, म्हणूनच ती घटना आज फारशी कुणाच्या लक्षात नाही. मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश त्याआधी मोबाइलवरून गावोगाव फिरत होते. पुढे व्हॉट्सअ‍ॅपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. कंपनीने कंपनीचे पाहिले, पोलिसांनी पोलिसांचे. पण ज्या वयात माणसाला तपासायची सवय लागू शकते, ते वय शाळेत जाते. आणि या घटनांनंतरच्या चर्चेत शाळा जवळजवळ कुठेच नव्हती.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत पाहा. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. मूळ फीत कराचीतल्या ‘रोशनी’ या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि एक फलक दाखवतात. भारतात फिरली ती हा शेवट कापलेली. यात खोटे चित्र एकही नाही, खोडसाळपणा सगळा कात्रीत आहे. त्यामुळे ‘नीट बघा म्हणजे कळेल’ हा आपला आवडता सल्ला इथे उपयोगाचा नाही. कापलेली फीत शंभरदा पाहिली तरी तिच्यात नसलेला शेवट दिसणार कसा?

आपल्याकडे साधने तपासण्याची परंपरा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींवर विसंबणाऱ्या इतिहासाला त्यांनी अस्सल पत्रांसमोर उभे केले. कागद कुणाचा, कधीचा, लिहिणारा प्रत्यक्ष होता की ऐकीव सांगतो आहे, हे प्रश्न मराठी वाचकाला नवे नाहीत. बालभारतीच्या सातवीच्या इतिहासातही साधनांच्या मूल्यमापनाचा भाग आला. आपण तो दोन गुणांच्या टिपेसाठी पाठ करून घेतो, हा दोष आपला. तरीही एवढ्यावर समाधान मानू नये. स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी सारा मॅकग्रू यांनी दहा इतिहासकार, दहा तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थ्यांना काही संकेतस्थळे तपासायला दिली. पीएच. डी. झालेले इतिहासकारही चकचकीत मांडणीला, भारदस्त नावाला फसले, कारण ते समोरचे पान बारकाईने वाचत बसले. तपासनीस त्या पानावर थांबलेच नाहीत. ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, हे त्यांनी आधी बाहेर जाऊन पाहिले. राजवाड्यांचा प्रश्न कायम ठेवून पाहण्याची दिशा बदलायची, एवढे मुलांना शिकवायचे आहे. कराचीच्या फितीतले एक दृश्य उचलून त्यावर शोध घेतला की मूळ फीत सापडू शकते. शाळेत एक मोबाइल आणि एक तास पुरे.

‘एक तास पुरे’ हे त्या एका फितीपुरते खरे. सवयीला पुरत नाही, आणि याचा पुरावा बिहारमध्ये आहे. संशोधक सुमित्रा बद्रिनाथन यांनी २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी तिथल्या मतदारांना तासाभराचे प्रशिक्षण देऊन पाहिले. खोट्या बातम्या ओळखण्यात एकंदरीने म्हणावा असा फरक पडला नाही. नंतर त्यांनी सहकाऱ्यांसह आणि राज्य सरकारच्या साहाय्याने ५८३ गावांतल्या तेरा हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांवर प्रयोग केला. यावेळी काही आठवड्यांत विभागलेले चार वर्ग होते. फरक पडला, काही महिन्यांनी तपासला तेव्हाही टिकून होता, आणि त्याचा काही अंश पालकांपर्यंत झिरपला. ‘फॉरवर्ड तर काका-आत्या करतात, मुलांना शिकवून काय होणार?’ या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर माझ्याकडे नाही. शाळाशाळांत एखादा ‘सायबर जागृती दिन’ साजरा करून फोटो पाठवण्याची जी आपली रीत आहे, तिच्याबद्दलही हा पुरावा पुरेसे बोलतो.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. म्हणूनच नवा विषय, नवी वही, नवे प्रशिक्षण यांतले काही मागू नये. इतिहासाच्या चार तासिका साधनांच्या मूल्यमापनाच्या त्याच भागावर, फक्त साधने आजची. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: खरे काय हे ठरवणार कोण? सरकारी यादीतली ‘खोटी बातमी’ मुलांनी पाठ करायची असेल, तर न शिकवलेले बरे. राजकीय बातम्यांनी सुरुवात केली की वर्गात दोन तट पडतील आणि पालक दारात उभे राहतील. त्यापेक्षा २०२० मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो म्हणून पसरलेली अफवा घ्यावी. तिने इथल्या कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले, आणि त्यांची मुले त्याच वर्गात बसतात. अशा उदाहरणात पक्ष नाही, पुरावा आहे. शिवाय संशय हे ध्येय नव्हे. सगळेच खोटे मानणारा मुलगा हवामान खात्याचा इशाराही फेकून देईल. भरवसा कुणावर आणि का ठेवायचा, हे त्याला सांगता यायला हवे.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. २००३च्या सिंहस्थात इथेच चेंगराचेंगरीत माणसे गेली, आणि आता तशाच गर्दीत अफवा पसरवू शकणारा मोबाइल प्रत्येकाच्या हातात असेल. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांनी त्याआधी सातवी-आठवीच्या वर्गांत या चार तासिका घ्याव्यात. त्यासाठी मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट पाहू नये.