स्मृती, विस्मृती आणि यशाचा निकष

भूतकाळाची आठवण ठेवणारा माणूस वर्तमानात यशस्वी होतो, हे विधान आपल्या नैतिक व्यवहारात इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. या विधानात दोन गृहीतके आहेत. स्मृती माणसाच्या स्वाधीन असते, हे पहिले. आणि स्मृतीचे मोल यशाच्या मापाने ठरवता येते, हे दुसरे. मराठी दलित स्वकथनांच्या आणि त्यांच्यामागील चळवळीच्या संदर्भात ही दोन्ही गृहीतके तपासणे उद्बोधक ठरेल.

पहिल्या गृहीतकाविषयी आपली भाषाच सावध आहे. आपल्याला आठवण 'येते' आणि आपण आठवण 'ठेवतो'. पहिल्या प्रयोगात माणूस कर्ता नाही, दुसऱ्यात आहे. न्यायदर्शनाने स्मृतीला ज्ञान मानले, परंतु केवळ संस्कारातून उपजते म्हणून तिला अनुभवापासून वेगळे काढले आणि प्रमेच्या कक्षेबाहेर ठेवले. ज्ञानशास्त्रातील या भेदाचा नैतिक विस्तार असा करता येईल : स्मृती पूर्वी मिळालेले पुन्हा समोर आणते, त्याचे आज काय करायचे, हे ती सांगत नाही. तो निर्णय वर्तमानातील विवेकालाच घ्यावा लागतो.

नीत्शेने १८७४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात इतिहासाच्या अतिरेकाने जीवनशक्ती खुंटते असे प्रतिपादन केले. विसरता न येणाऱ्याला कृतीच करता येणार नाही, हा त्याचा मुद्दा सहजी नाकारता येण्याजोगा नाही. अपमानाच्या आठवणीत गुंतून पडलेले मन कृतीला पारखे होते, हे आपणही पाहतो. तथापि, विसरण्याचे स्वातंत्र्य कोणाला असते, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. ज्याचे आडनाव विचारले जाते आणि उत्तर मिळताच ज्याच्याशी बोलण्याचा सूर बदलतो, तो स्वतः विसरला तरी समाज विसरलेला नसतो. अशा माणसाला विस्मृतीचा उपदेश करणे म्हणजे एकतर्फी तह करायला सांगणे होय. म्हणून स्मरण की विस्मरण, हा पर्यायच त्याच्यापुरता अपुरा आहे. कोणत्या भूतकाळाशी कोणते नाते जोडायचे, हा त्याच्यापुढील खरा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे एक उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९२७-२८ मधील तीन कृतींत सापडते. १ जानेवारी १९२७ रोजी ते कोरेगावच्या विजयस्तंभापाशी गेले. १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे त्या स्तंभावर आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. येथे एक भूतकाळ जवळ केला आहे, एक नाकारला आहे, आणि तिसऱ्याच्या पकडीतून सुटण्याचा प्रयत्न केला आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथाला आणि मनातल्या आठवणीला आपली परंपरा 'स्मृती' हा एकच शब्द वापरते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. समाजाची स्मृती विधिनिषेध होऊन बसते, तेव्हा तिच्याविरुद्ध दुसरी स्मृती उभी करावी लागते. वतनाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. वतन हा पूर्वजांपासून चालत आलेला हक्क म्हणून अभिमानाने सांगितला जाई आणि त्याच हक्काने गावकीची कामे पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात पडत. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. भूतकाळाचा अभिमानही बेडी होऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आता दुसरे गृहीतक. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि ती ऐकणारा आहे दया पवार. एकाच माणसाची ही दोन रूपे आहेत. शिकलेला, लेखक झालेला माणूस ऐकतो आहे आणि मागे राहिलेला बोलतो आहे. यशाने जुना माणूस संपला असता, तर या रचनेची गरजच पडली नसती. 'बलुतं'मधील स्मृती यशाची पायरी नाही. यश मिळाल्यावरही जो हिशेब मिटत नाही, त्याची ती नोंद आहे.

असे असताना या स्वकथनांचे वाचन पुष्कळदा उलट दिशेने होते. शेवटी लाभलेल्या प्रतिष्ठेपासून आपण मागे पाहतो, आणि मग उपासमार ही तयारी वाटू लागते, अवहेलना ही परीक्षा वाटू लागते. या वाचनात एक गंभीर नैतिक दोष आहे. दुःखातून यश निष्पन्न झाले असे म्हणताना आपण नकळत दुःखाचे, पर्यायाने ते देणाऱ्या व्यवस्थेचे समर्थन करतो. शिवाय तेच सोसून, तेच आठवत जे तिथेच राहिले, त्यांची पुस्तके आपल्यापर्यंत आलेली नाहीत. यशस्वितांच्या साक्षीवरून स्मृतीच्या सामर्थ्याचा सिद्धान्त मांडणे तर्कदृष्ट्याही सदोष आहे. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या शीर्षकातील अनेकवचन या संदर्भात मोलाचे वाटते. 'माझे' यश मोजता येईल. 'आमुचं' जिणं त्या मापात बसत नाही.

तेव्हा भूतकाळाची स्मृती वर्तमानात उपयोगी पडते काय, या प्रश्नाचे उत्तर सशर्त होकारार्थी द्यावे लागेल. निवड करणाऱ्या, प्रसंगी नकार देणाऱ्या विवेकाची जोड मिळाली तर ती कृतीला बळ देते. ती नसेल तर स्मृती वतनासारखी बांधूनही ठेवते. परंतु उपयोग हे स्मृतीचे अंतिम प्रयोजन नव्हे. ज्यांना यश लाभले नाही त्यांचे आपण देणे लागतो, आणि त्या देण्याची जाणीव प्रामुख्याने स्मृतीतच टिकून राहते. स्वकथनांच्या समीक्षेने लेखक कुठे पोहोचला, एवढेच पाहून थांबू नये. त्याच्यामागे कोण राहिले आणि त्याच्या निवेदनात त्यांना किती जागा मिळाली, हेही तिने विचारले पाहिजे.