अध्यात्म आणि समता : एक आत्मपरीक्षण

अध्यात्माने समाज अधिक न्यायी होतो काय, हा प्रश्न आपल्या बैठकीत अनेकदा निघतो आणि उत्तर बहुधा होकारार्थीच मिळते. आम्हांला ते इतके सोपे वाटत नाही. पंढरपुरी चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. त्यांचे अभंग शतकानुशतके गायिले गेले, तरी त्यांच्या जातबांधवांना मंदिरात प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ पासून प्राणांतिक उपोषण करावे लागले. ते १० मे रोजी सुटले. त्यांचा झगडा नास्तिकांशी नव्हता, भाविकांशीच होता.

पुढे संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. मग अध्यात्माचे प्रयोजन काय उरले? कायदा मंदिराचे दार उघडतो. घरातल्या फडताळापर्यंत त्याचा हात सहसा पोचत नाही. लोहारद्याच्या आमच्या घरी रोज हरिपाठ होई. अंगण झाडणाऱ्या बाईंची कपबशी मात्र वेगळी, ओसरीच्या कोनाड्यात उपडी ठेवलेली असे. शासकीय सेवेत समतेविषयीची परिपत्रके आम्ही स्वतःच्या सहीने पाठविली. ती कपबशी मात्र वर्षानुवर्षे आमच्या नजरेस खुपली नाही. हरिपाठात उणे नव्हते. त्याचा जाब स्वतःला विचारण्याची सवय आम्हांला नव्हती.

ती सवय आपल्याच जिल्ह्यात इतरांनी लावून घेतली. देवासला कुमार गंधर्वांनी गायिलेली निर्गुणी भजने आपण कौतुकाने ऐकतो. त्याच देवासला १९९१ साली एकलव्य संस्थेने ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू केला. दर महिन्याला खेड्यापाड्यांतील भजनी मंडळ्या तेथे जमत. त्यांत दलित गायक पुष्कळ असत. भजन होई आणि त्याच्या अर्थावर चर्चाही होई. जातपात, कर्मकांड यांविषयी आपण गातो एक आणि वागतो कसे, असा प्रश्न तेथे उभा राही.

आमच्या मते अध्यात्म न्यायाच्या उपयोगी पडते ते याच ठिकाणी. दुसऱ्याचे दुःख पूर्वकर्मावर ढकलणारे अध्यात्म अन्यायाला आधारच देते. स्वतःच्या वर्तनाची झडती घेणारे अध्यात्म, कायदा जेथे थांबतो तेथून पुढे जाते.

त्या बाई आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याची वेळ आम्ही दवडली. आपल्या मंडळास मात्र एक विनंती आहे : एकादशीच्या भजनानंतर अर्धा तास अशा चर्चेसाठी राखावा, आणि गावातील इतर भजनी मंडळ्यांनाही बोलवावे. सर्वांना चहा एकाच प्रकारच्या कपांतून द्यावा.