बातमीतला गांजा, औषधातला गांजा

औषधी गांजाविषयीच्या बहुतेक बातम्या औषधाविषयी नसतातच. कुठल्या राज्याने दुकानांना परवाने दिले, कुठल्या कंपनीचा शेअर वधारला, सारे एकाच मथळ्याखाली येते. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला त्यातले उपयोगी पडते ते एवढेच: कोणता घटक, कोणत्या रुग्णाला, किती मात्रेत, कशाच्या तुलनेत आणि काय अपाय झाला.

‘गांजाने फिट थांबतात’ ही ओळ याच प्रश्नांपुढे ठेवावी. 2017 सालच्या चाचणीत ड्रॅव्हे सिंड्रोम या फिटच्या गंभीर आजाराच्या 120 मुलांपैकी निम्म्यांना दर किलो वजनामागे रोज 20 मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) दिले गेले. त्यांच्या झटक्यांची मासिक मध्यक संख्या 12.4 वरून 5.9 वर आली. प्लासिबो घेणाऱ्यांत ती 14.9 वरून 14.1 झाली. जून 2018 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. मात्र फिटच्या इतर औषधांपैकी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृताची एन्झाइम्स वाढण्याचा धोका अधिक, आणि क्लोबाझमसोबत गुंगी वाढते. मथळ्यात हे कधी येत नाही, आणि प्रिस्क्रिप्शन लिहिताना नेमके हेच हवे असते.

सर्वांत जास्त दिशाभूल करते ती आकडेवारी. 2014 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास गाजला: 1999 ते 2010 या काळात औषधी गांजाला परवानगी देणाऱ्या राज्यांत मॉर्फिनसारख्या ओपिऑइड वेदनाशामकांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचा दर सुमारे 25 टक्क्यांनी कमी दिसला. गांजा हा ओपिऑइडवरचा उतारा, असा निष्कर्ष राजकारणी आणि विक्रेते दोघांनीही उचलला. 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत 2017 पर्यंतच्या आकड्यांना लावली, तेव्हा नाते उलटले: दर सुमारे 23 टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून गांजाने माणसे मारली असेही ठरत नाही. तुलना राज्यांची होती. मेलेल्या माणसाने गांजा घेतला होता की नाही, हे तिच्यात कुठेच नव्हते. एका रुग्णाची मॉर्फिनची मात्रा कमी करायला असा अभ्यास आधार देऊच शकत नाही.

जानेवारी 2022 मधली ‘गांजा कोविड रोखतो’ ही बातमी तर परीक्षानळीतून आली होती. हेम्प या गांजाच्याच प्रकारातली दोन आम्ले विषाणूच्या स्पाइक प्रथिनाला चिकटतात, असे प्रयोगशाळेत दिसले होते. गांजा ओढताना ती आम्ले उष्णतेने मोडतात, हे बातम्यांनी सहसा सांगितले नाही.

तरीही बाजाराची किंवा कायद्याची म्हणून प्रत्येक बातमी बाजूला सारणे धोक्याचे. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला अमली पदार्थांच्या सर्वांत कडक यादीतून वगळले, भारतानेही बाजूने मत दिले. त्याने उपचार बदलला नाही. याउलट 2019 मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुफ्फुसे निकामी होऊ लागली आणि टीएचसी या गांजातल्या नशेच्या घटकाच्या बनावट काडतुसांतल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर बोट ठेवले गेले, ते धाप लागलेला तरुण तपासणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवे. ऑनलाइन घेतलेल्या 84 सीबीडी उत्पादनांच्या 2017 मधल्या तपासणीत लेबल बरोबर होते जेमतेम 31 टक्क्यांचे, आणि 18 नमुन्यांत टीएचसी आढळले.

भारतातल्या 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. सुटी पाने आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. रुग्ण गांजाच्या तेलाची बाटली घेऊन आला, तर ती कायदेशीर आहे की नाही याने औषधाचा प्रश्न सुटत नाही. तिच्यात टीएचसी आणि सीबीडी किती, आणि सोबत वॉरफरिन किंवा फिटची गोळी चालू आहे का, हे विचारावे लागते.