बुडण्याआधीची वर्षे

२०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगोला हवामान परिषद भरली, तेव्हा तुवालूचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्राच्या पाण्यात उभे राहून केलेले भाषण तिथे दाखवले गेले. ते दृश्य जगभर पोचले. नऊ बेटांचा, जेमतेम २६ चौरस किलोमीटरचा आणि सुमारे ११ हजार वस्तीचा हा देश त्यामुळे अनेकांना पहिल्यांदाच माहीत झाला. पण पाहणाऱ्यांनी त्यातून काढलेला अर्थ मात्र घातक ठरला. कोफे ठोस कृती मागत होते. जगाने ऐकले ते एवढेच, की हा देश बुडणार. तेव्हापासून तुवालूला भविष्य आहे असे धरून जवळजवळ बोललेच जात नाही. जिवंत माणसांच्या देशाचा मृत्युलेख असा आगाऊ लिहिणे ही सहानुभूती नाही. जे बुडणारच आहे त्यावर खर्च कशाला, असा निर्णय त्यात आधीच घेतलेला असतो, आणि तो घेणारे लोक त्या बेटांवर राहत नाहीत.

विज्ञान काय सांगते ते आधी नीट पाहायला हवे, कारण इथे दोन्ही बाजूंनी घाई होते. तुवालूतली बरीचशी बेटे कंकणद्वीपांवरची आहेत. बुडत्या ज्वालामुखीभोवती प्रवाळ वरवर वाढत गेले आणि ही कंकणे तयार झाली, असा डार्विनचा सिद्धान्त होता. तो तपासण्यासाठी रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात भोक पाडले, ते याच देशाच्या राजधानीत, फुनाफुतीत. प्रवाळांचा चुरा लाटा आणून टाकतात, त्यातून बेट बनते, आणि लाटांबरोबर ते हलतही राहते. संशोधक पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तुवालूच्या, कंकणांवरची लहान बेटे सुटी मोजून, १०१ बेटांची १९७१ ते २०१४ या काळातली छायाचित्रे ताडून पाहिली. समुद्राची पातळी वाढत असतानाही देशाची एकूण जमीन सुमारे ७३ हेक्टरने, म्हणजे २.९ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. हवामानबदल नाकारणाऱ्यांनी हा आकडा लगेच उचलला. बेटे तर वाढताहेत, मग ओरड कसली?

ओरड पाण्याची आहे. वाळूचा किनारा एका बाजूने झिजून दुसऱ्या बाजूने भरला, तर नकाशावरचे क्षेत्रफळ तेवढेच राहील. पण घर, थडगे, शेत वाळूमागे सरकत नाही. शिवाय माणूस क्षेत्रफळावर जगत नाही, गोड्या पाण्यावर जगतो. अशा बेटाखाली पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असते. त्या थरापर्यंत खड्डे खणून तुवालूचे लोक पुलाका लावत आले. हा अळूच्या कुळातला कंद त्यांच्या जेवणाचा जुना आधार. मोठ्या उधाणाला पाणी किनारा ओलांडून येतेच, शिवाय प्रवाळखडक सच्छिद्र असल्याने जमिनीतूनही वर येते. नुसत्या बंधाऱ्याने ते अडत नाही. एकदा खड्ड्यात खार शिरली की कंद कुजतो. प्यायला छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवायचे, आणि पाऊस लांबला तर काय होते ते २०११ मध्ये दिसले: देशाला आणीबाणी जाहीर करावी लागली, विमानाने पाणी आणावे लागले. म्हणजे जमीन शिल्लक असतानाही बेट राहण्याजोगे उरणार नाही, हा खरा धोका. मार्शल बेटांवर झालेल्या २०१८ च्या एका अभ्यासाने हेच दाखवले, की लाटांचे पाणी वारंवार बेटावरून जाऊ लागले की जमीन बुडण्याच्या कितीतरी आधी गोड्या पाण्याचा साठा निकामी होतो.

पण याच निष्कर्षाची दुसरी बाजू क्वचित बोलली जाते. बेट कधी बुडेल हे समुद्र ठरवतो. त्यावर किती वर्षे राहता येईल हे टाक्या, भराव, खारे पाणी गोडे करणारी यंत्रे आणि घरांची जोती किती उंच आहेत यांवरही अवलंबून असते. फुनाफुतीत हे घडवून दाखवले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने धावपट्टी बांधण्यासाठी बेट खणले आणि मागे खड्डे सोडले. सात दशके त्यांत खारे पाणी आणि कचरा साचत राहिला. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या पैशातून ते खड्डे भरले गेले. पुढे हरित हवामान निधीच्या मदतीने राजधानीच्या किनाऱ्याला सुमारे सात हेक्टर उंच जमीन नव्याने तयार झाली. आता सरकारची दीर्घ मुदतीची योजना ३.६ चौरस किलोमीटर उंच भूमीची आहे. या उपायांना मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. खारकच्छातली वाळू उपसली की प्रवाळांना इजा होते, आणि बेटाला वाळू पुरवणारे प्रवाळच मेले तर भरावाला पाठबळ उरणार नाही. तापमान दीड अंशाने वाढले तर ७० ते ९० टक्के आणि दोन अंशांनी वाढले तर जवळजवळ सगळे प्रवाळ नष्ट होतील, असे आंतरसरकारी हवामानबदल मंडळाने २०१८ मध्ये सांगितले आहे. तेव्हा भराव हा उत्सर्जन कमी करण्याला पर्याय नाही. त्याने मिळतो तो वेळ, आणि तो वेळ इथे फार मोलाचा आहे.

अकरा हजार लोकांसाठी एवढा पैसा समुद्रात घालायचा का, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये अठराशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा डच लोकांना दुसरीकडे जाऊन राहा असे कोणी सांगितले नाही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पुरतील असे बंधारे घातले. आपली मुंबईही सात बेटांमधल्या खाड्या बुजवूनच उभी राहिली, आणि तिथली वस्ती हलवावी असे कोणी म्हणत नाही. फरक भूगोलाचा नाही, ऐपतीचा आहे. आणि तुवालूची ऐपत नसताना त्याच्यावर आलेले संकट मुख्यतः ऐपत असलेल्यांच्या धुरातून आले आहे. म्हणून हा खर्च दान नव्हे, देणे आहे.

याहून जड आक्षेप खुद्द तुवालूच्या लोकांकडूनच येतो असे वाटेल. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फालेपिली कराराने दरवर्षी २८० जणांना तिथे कायम राहण्याची वाट उघडली. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा कुटुंबीय धरून साडेआठ हजारांहून अधिक नावे आली. मग लोकांनीच निकाल दिला नाही का? मला तसे वाटत नाही. वाइतुपू बेटाच्या लोकांनी १९४६ मध्ये फिजीतले किओआ बेट विकत घेतले आणि काही कुटुंबे तिकडे गेली. वाइतुपू मात्र आजही नांदते आहे. इथल्या माणसांना जाणे आणि सोडणे यांतला फरक ठाऊक आहे. शिक्षण, पगार, दवाखाना यांसाठी नाव नोंदवणारा माणूस देशाचा हक्क सोडून देत नाही. त्याच करारात समुद्र वाढला तरी तुवालूचे राज्यत्व कायम राहील, असे मान्य केलेले आहे. त्याची किंमतही आहे: इतर देशांशी संरक्षणविषयक करार करण्याआधी आता ऑस्ट्रेलियाची संमती लागते. असा सौदा करावा लागणे हेच या देशाकडे पर्याय किती थोडे उरलेत ते सांगते. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही, वानुआतूच्या पुढाकाराने मागितलेल्या सल्लागार मतात, राज्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राज्यत्व संपतेच असे नाही, असे म्हटले. भोवतालच्या सुमारे साडेसात लाख चौरस किलोमीटर समुद्रावरचा मासेमारीचा हक्क राज्यत्वावरच टिकून आहे हे पाहता हे मत कागदापुरते नाही.

आणि साधा हिशेब करून पाहावा. वर्षाला २८० या दराने, एकही मूल जन्मले नाही असे धरले तरी, सगळा देश हलायला जवळपास चाळीस वर्षे लागतील. म्हणजे कोणी काहीही ठरवले तरी २०४० मध्ये फुनाफुतीत शाळा भरत असेल, उधाणाच्या दिवशी रस्त्यावर पाणी येत असेल, आणि पाऊस लांबला की घराघरांतून टाकीची पातळी पाहिली जात असेल. त्या टाक्या किती मोठ्या असतील हे आत्ता, या वर्षांत ठरते आहे.