मंदाकिनीचा कृष्ण

डाळजच्या शिवारातून उजनी धरणाच्या पाण्याकडे उतरा. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज मागे पडू द्या. काठावर कोरडी जागा बघून बसा. श्वास मोजायचा नाही, त्याला येऊ-जाऊ द्यायचं. समोर भीमा आहे. 1980 साली धरण पुरं झालं आणि नदी अशी ऐसपैस पसरून राहिली. या पाण्याच्या पोटात जुनी गावठाणं आहेत. पळसदेवचं जुनं देऊळही आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं आणि माणसं दर्शनाला जातात.

पाण्यावर नजर ठेवा, आणि एक लहान मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचं नाव मंदाकिनी. दादासाहेब फाळक्यांची लेक, वय सातच्या आसपास. 1919 साली वडिलांच्या ‘कालिया मर्दन’ या मूकपटात ती कृष्ण झाली. त्यातला जेवढा भाग हाती लागला, तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेला आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीला कृष्ण दिसतच नाही. दिसते ती मंदाकिनी. पडदाभर तिचा चेहरा. त्यावर राग येतो, जातो. हसू येतं, जातं. आवाज नाही. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा वेश उमटतो. इथे थांबा. घाई करू नका. वडिलांनी काहीच झाकलेलं नाही. ही माझी मुलगी, ती आता देव होणार आहे, बघा, असं ते उघड दाखवतात. मला या चित्रपटातलं सगळ्यात मोठं धाडस हेच वाटतं, नागाच्या फण्यावरच्या नाचाहूनही मोठं.

कारण बघणाऱ्यांना सगळं ठाऊक असायचं, आणि तरी हात जोडले जायचे. दोन वर्षं आधीच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघांचंही काम अण्णा साळुंके या एकाच नटानं केलं होतं. तरी पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढत, अशी आठवण सांगतात. त्या माणसांना भोळी म्हणून सोडून देऊ नका. स्वतःला विचारा: ठाऊक असूनही मी कुठे हात जोडतो? उत्तर लगेच नको. प्रश्न थोडा वेळ तसाच राहू द्या.

फाळक्यांना हे सगळं सुचलं तेही एका चित्रपटावरून. 1910च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. डोळे पडद्यावरच्या ख्रिस्तावर होते आणि मनात राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. दुसऱ्याच्या देवाकडे आदरानं पाहताना आपला देव आठवावा, हे मला फार सुंदर वाटतं. तुम्हीही आठवून पाहा, परक्या प्रार्थनेत कधी तुमचं मन भरून आलं होतं का.

पुन्हा पाण्याकडे या. मंदाकिनीचा कृष्ण खोड्या करतो. झोपलेल्या सावकाराची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधून ठेवतो. आणि हेच पोर डोहात उडी घेतं. काठावर यशोदा कोसळते. पाण्याखाली काय चाललंय ते आपल्याला दिसतं, तिला दिसत नाही. आता तुम्ही तिच्या जागी बसा. पाणी सपाट आहे. पोर वर आलेलं नाही. त्या एवढ्या वेळात विश्वास म्हणजे छातीत नक्की काय होतं, ते शोधा. भीती असेल तर तीही असू द्या. यशोदेलाही ती होतीच. ती काही शांत उभी राहिली नाही.

आणि खाली, नागाशी झुंजणाऱ्या त्या पोरीला आपण देव आहोत असं वाटत असेल का? मला वाटतं, ती मनापासून खेळत होती. लहान मूल खेळतं तेव्हा पूर्ण खेळतं, मन राखून ठेवत नाही. आपल्याला प्रार्थनेत हेच जमत नाही.

आषाढीच्या सुमारास याच भागातून तुकोबांची पालखी जाते आणि शाळाशाळांतून बालदिंड्या निघतात. कुणाचं तरी पोर कपाळाला बुक्का लावून, कमरेवर हात ठेवून विठोबा होतं. त्याचे आईबाप तुमच्या ओळखीचे असतात. मोठी माणसं तरी वाकून त्याच्या पाया पडतात. यंदा तुम्ही वाकाल तेव्हा आधी त्या पोराच्या चेहऱ्याकडे नीट बघा, ते कुणाचं आहे ते ओळखा, आणि मग वाका.